आंधळ्या ठकीची बाग

पहाटेचे पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. मठाच्या फाटकाशी उभा राहून हरिगीर विचारत होता,

"मग ती आत का येत नाही, बाबा?"

गेनगीर बाबा धुनीतलं लाकूड पुढं सारत होते.

ठकी फाटकाबाहेर पडून होती. मठाची म्हातारी कुत्री, दोन्ही डोळ्यांनी आंधळी. उतारवयात एकच पिल्लू झालं, तेही रस्त्यावर ट्रॅक्टरखाली सापडलं. त्या दिवसापासून तिनं अन्नाला धड तोंड लावलं नव्हतं. बरगड्या वर आल्या होत्या. कुत्रं झालं म्हणून काय, आईच ती.

हरिगीरला तिची काळजी होती, खोटं कशाला बोला. पण आपल्या हातच्या बागेचा तोराही होता. धुनीमागच्या कोपऱ्यात ती पिल्लाला पोटाशी घेऊन निजायची, तिथंच बाबांच्या या चेल्यानं आंधळीसाठी बाग केली होती. नाकाला मरवा, दवणा, वाळा. पायाला मऊ वाळू. कानाला पिंपळाचा वाळका पाला, पाऊल पडलं की वाजणारा. पंचक्रोशीतली माणसं बघून जात होती.

कुत्री तेवढी येत नव्हती.

"मरवा कमी पडला का?"

"मरवा तिनं मागितला होता का तुला?"

"डोळे गेलेल्या जनावराला वासाचाच आधार. तुम्हीच म्हणाला होता."

"म्हणालो खरं." बाबा गुडघ्यावर हात टेकून उठले. "बागेच्या आधी तिथं काय होतं?"

"काय असणार? घाण. गोणपाट, केस, सांडलेलं दूध... गोणपाट जाळलं. जमीन खरवडून सारवली. वाफ्यांभोवती रोज सारवतो, बाबा. एक दिवस चुकवला नाही."

"शाबास. काहीच ठेवलं नाहीस म्हणायचं."



बाबा आत गेले. खुंटीवरची हरिगीरची झोळी काढून आणली. भगवी, दीक्षेच्या दिवशी मिळालेली. तिच्यातच घालून त्यानं पिल्लू रस्त्यावरून आणलं होतं. फाटकापर्यंत त्यात धुगधुगी होती.

"सगळं धुतलंस. ही का नाही धुतली?"

हरिगीरनं मान खाली घातली.

"...धुववली नाही."

बाबांनी झोळी मरव्याच्या वाफ्यात अंथरली.

"बाबा, भिक्षेची झोळी ती. कुत्र्याखाली..."

ठकीचं नाक हललं.

उठताना तिचे पाय लटपटले. वाळू तुडवत, पाला वाजवत ती आत आली. झोळी हुंगली. पुन्हा हुंगली. मग तोंड आत खुपसून आडवी झाली, आणि तिच्या पोटातून असा काही आवाज निघाला की हरिगीरनं तोंड फिरवलं.

थोड्या वेळानं त्यानं दुधाचा वाडगा पुढं सरकवला. तिनं तोंड लावलं नाही.

"आता तरी जगेल का, बाबा?"

बाबांनी वाडगा तिच्या तोंडाशी तसाच राहू दिला.

उजाडलं. भिक्षेची वेळ झाली. हरिगीर रिकाम्या खांद्यानं तसाच उभा.

"झोळीवाचून जाऊ कसा?"

"आज मागायचं नाही, सांगायचं," बाबा म्हणाले. "दारोदार जा. ज्या घरातलं लेकरू गेलंय, तिथं लगेच सारवू नका म्हणावं."