दिवे काढले तरी

“मग दिवे काढल्यावरही काम वाढलं, ते कसं काय बुवा?”

विश्वजीतने हे तिसऱ्यांदा विचारलं. भैरूबुवा मठाच्या पायरीवर दोरी वळत बसले होते, शेजारी मी. त्यांनी नुसती मान हलवली.

विश्वजीत देसाईचा काजूचा कारखाना मठाच्या टेकडीखालीच आहे. चाळीस बाया तिथं बसून सुरीने काजूगराची साल काढतात. वडील गेल्यावर कारखाना त्याच्याकडे आला. पुण्यात शिकलेला माणूस. कारण सापडेपर्यंत त्याला जेवण जात नाही. मला तो त्यासाठीच आवडतो, आणि त्यासाठीच त्याचा रागही येतो.

“पहिल्यापास्नं सांग,” बुवा म्हणाले.

“शेडमध्ये उजेड कमी होता. मी टेबलाटेबलावर दिवे लावले. काम वाढलं.”

“बरं झालं.”

“म्हटलं, खात्री करून घ्यावी. अर्धे दिवे काढले. काम आणखी वाढलं! मग सगळेच काढले... तरी वाढलेलंच.”

“आन् आता?”

“आता सगळे दिवे परत लावलेत. आणि काम पार खाली आलंय.”

बुवांचे हात थांबले. कोडं त्यांनाही आवडलेलं दिसलं.

“मधी काय केलंस?”

“मला वाटलं, मी समोर उभा असायचो म्हणून त्या काम करत असणार. मग कायमचीच सोय केली. वर काचेची केबिन बांधली, तिथून चाळीसही जणी दिसतात. गप्पा बंद केल्या. एका वाडीच्या बाया एकत्र बसायच्या, त्यांना लांब लांब बसवलं.”

“म्हंजे आता जास्त बघतोस.”

“दिवसभर बघतो!”

“आन् काम कमी.”

“तेच तर विचारतोय, बुवा.”

त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला आणि बुवांच्या पायाशी ठेवला.

“परवा साल काढायचं यंत्र येतंय. बावीस जणींना घरी बसवावं लागेल. नावं काढून आणलीत. तुम्ही एकदा हात लावा, म्हणजे माझं मन शांत होईल.”

आमच्याकडे लग्नाच्या पत्रिकेपासून नव्या ट्रॅक्टरच्या किल्लीपर्यंत सगळं आधी बुवांच्या पायाशी येतं. पण असला कागद पहिल्यांदाच आला होता. त्या बावीस जणींतल्या कितीतरींच्या घरात काजूवरच चूल पेटते.

बुवांनी कागदाकडे पाहिलं. हात लावला नाही.

“पहिलं नाव कुणाचं?”

“आनंदी सुतार. सगळ्यात कमी काम, सगळ्यात जास्त बडबड.”

“दिवं लावताना ती काय म्हणायची?”

विश्वजीतला हसू आलं.

“ती? ‘सायेब, हितं नगं, माज्याच हाताची सावली पडतीया.’ मी दिवा सरकवला की शेजारची ओरडायची, ‘आन् मी काय अंधारात बसू?’ मग आनंदीच उठायची, एकेकीला विचारत दिवा फिरवायची. दिवे काढतानाही तसंच. मलाही तिथंच भाकरी खायला बसवायच्या. हसून हसून बेजार! रोज अर्धा तास वाया जायचा.”

“तरी काम वाढलं.”

“हो... तरी वाढलं.”

बुवा उठले. गाभाऱ्यात गेले आणि तेवता दिवा हातात घेऊन बाहेर आले. भर दुपार, पायरीवर लख्ख ऊन. दिव्याची ज्योतसुद्धा धड दिसत नव्हती.

“हितं धरू?” त्यांनी विचारलं.

विश्वजीत गोंधळला. “धरा.”

“दिसतंय न्हवं नीट?”

“दिसतंय.”

“का जरा इकडं घिऊ? डोळ्यावर येतोय का?”

“थोडा डावीकडं...” विश्वजीत बोलून गेला आणि मग खळखळून हसला. “बुवा, एवढ्या उन्हात दिवा कशाला?”

बुवा हसले नाहीत. म्हातारा माणूस दिवा धरून वाकलेलाच होता, उत्तराची वाट बघत. तेल बोटांवर सांडत होतं.

विश्वजीतने पटकन उठून दिवा आपल्या हातात घेतला. “तुम्ही बसा, बुवा. पाणी आणू का?”

“आण.”

त्याने दिवा जागेवर ठेवला, तांब्या भरून आणला. बुवा सावकाश पाणी प्याले.

विश्वजीत पायरीवर टेकला. खाली कारखान्याचा पत्रा चमकत होता. तिथून कसलाच आवाज येत नव्हता, बोलण्याचा नाही की हसण्याचा नाही.

“वडील गेल्यापासून,” तो म्हणाला, “मला असं कुणी विचारलंच नाही...”

त्याला लाज वाटत होती, आणि ती लपवण्याइतका तो हुशार राहिला नव्हता. पण कोडं काही त्याला सोडेना.

“बुवा, मी तिथं उजेड वाढवत नव्हतो. मग काय वाढवत होतो?”

बुवांनी दोरी पुन्हा हातात घेतली.

“आणि या कागदाचं काय करू? हात लावणार की नाही?”

“लावतो की. आधी आनंदीला दाखव.”

“तिला वाचता येत नाही, बुवा.”

“मग तू वाच. तिच्याजवळ बसून.”