कुलगुरूंचं निवेदन

कुलगुरू वाघधरे यांना ड्रोनची प्रयोगशाळा काढायची होती, आणि तिच्यासाठी मानव्यविद्या संशोधन केंद्राची इमारत हवी होती. ते केंद्रात आले आणि संचालिका खांबेटेबाईंना म्हणाले, "इतिहास, भाषा, तत्त्वज्ञान उगाळत बसता. काय उपयोग याचा? महिनाअखेर केंद्र बंद."

साहेब दारापर्यंत गेले आणि वळले. "उद्या पत्रकारांना हे सांगायचंय. कुणी भडकणार नाही, असं निवेदन लिहून द्या. आमच्या इंजिनियरांना ते जमत नाही."

"देते की," बाई म्हणाल्या. "फक्त पहिलं वाक्य असं राहील: हे केंद्र निरुपयोगी आहे, हे सांगायलाही मला याच केंद्राकडे यावं लागलं."

दुसऱ्या दिवशी पत्रकारांना नुसता चहा मिळाला.