ताजा कलमाचं पान

“पण बुवा, लिहिलंय तेच छापून येणार ना? मग आधी बघायचं कशाला?”

ओगलेबाईंनी हा प्रश्न गेल्या सहा महिन्यांत कमीत कमी चाळीस वेळा विचारला असेल. रंगनाथबुवांनी एकदाही त्याचं उत्तर दिलं नव्हतं. आजही संगणकाच्या पडद्यावरची नजर न काढता ते एवढंच म्हणाले, “बसा.”

बाई उभ्याच राहिल्या.

मठ टेकडीवरचा, लहानसा. सभामंडपामागच्या खोलीत एक संगणक, एक प्रिंटर आणि ओलीनं खाल्लेल्या जुन्या बाडांची तीन कपाटं. आधीच्या बुवांची निरूपणं त्या बाडांत होती. ती एकेक करून संगणकावर उतरवायची आणि छापायची, हा रंगनाथबुवांचा नेम. मठात येण्याआधी त्यांनी जिल्ह्याच्या गावी एका छापखान्यात एकतीस वर्षं शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले होते, त्यामुळे बोटं कशी झरझर चालायची. पण छापायची वेळ आली की हाच माणूस थांबायचा. ‘मुद्रण पूर्वावलोकन’ असं जिथे लिहिलेलं असे तिथे टिचकी मारायची, पडद्यावर अख्खं पान उभं राहिलं की दोन्ही हात मांडीवर घ्यायचे आणि बघत बसायचं. वाचायचं नाही, नुसतं बघायचं. समोरच्या चहावर साय धरली तरी त्यांचं बघणं संपत नसे.

मठातली माणसं म्हणायची, “बुवा दर्शनाला बसलेत.”

“दर्शन नव्हे, पूर्वावलोकन,” ओगलेबाई लगेच दुरुस्ती करायच्या.

त्या तशाच होत्या. चौतीस वर्षं मराठी शिकवलं, त्यातली शेवटची नऊ मुख्याध्यापिका म्हणून. लग्नाची पत्रिका हातात पडली तरी आधी पेनाचं टोपण निघायचं. गावात त्यांना आमंत्रण द्यायला जाणारा माणूस दारात चपला काढण्याआधी पत्रिका दोनदा वाचून घ्यायचा. निवृत्तीनंतर मठात आल्या त्या शिष्या म्हणून खऱ्या, पण आल्या लाल पेन घेऊनच. बुवांची पानं तपासायचं काम त्यांनी कुणी न सांगता अंगावर घेतलं, आणि खरं बोलायचं तर केलंही चोख.

फक्त या संगणकाशी त्यांचं जमेना. त्याला मराठीचं शुद्धलेखन येत नव्हतं. त्याच्या पोटातला शब्दकोश इंग्रजी, त्यामुळे बाई जो शब्द लिहितील त्याच्याखाली तो लाल नागमोडी रेघ ओढायचा. ‘ज्ञान’ चूक. ‘पाऊस’ चूक. ‘आई’ चूक.

“मला चुका दाखवतो!” त्या फणकारायच्या. “मला!”

बुवा हसायचे.

पण आजचं पान मठाचं नव्हतं. आज बाईंनी लेकीला पत्र लिहिलं होतं.

ऋजुताशी बोलणं तुटून नऊ वर्षं झाली होती. भांडण म्हणावं तर भांडणही झालं नव्हतं. नोकरीसाठी परगावी गेलेल्या मुलीनं तिकडून एक पत्र पाठवलं होतं, चांगलं साडेतीन पानी. आईची लहानपणापासून किती धास्ती वाटत आली, एकदा तरी पाठीवर थाप पडावी म्हणून जीव कसा तुटायचा, असं सगळं मन उघडं करून लिहिलेलं. बाई वाचायला बसल्या आणि वाचता वाचता हात सवयीनं पेनाकडे गेला. ऱ्हस्वदीर्घाच्या अठरा चुका निघाल्या. प्रत्येकीभोवती लाल गोल काढून, समासात शुद्ध रूप लिहून, त्यांनी ते पत्र मुलीला परत पाठवलं.

वाईट हेतू नव्हता. हे कुणाला पटायचं नाही, पण खरोखरच नव्हता. दुसऱ्यानं लिहिलेलं हातात घेण्याची त्यांना दुसरी रीतच माहीत नव्हती.

त्यानंतर मुलीचं पत्र आलं नाही. तिनं फोनचा नंबर बदलला, मग घरही बदललं.

परवा पुतणी पद्मजा भेटायला आली तेव्हा कळलं, ऋजुताला मुलगी झाली. पत्ता सांगायची पद्मजाला मनाई होती. “पण काकू, तू पत्र दिलंस तर मी तिच्या हातात देईन,” ती म्हणाली. “ती एकदाच उघडून बघणार आहे. तसं म्हणालीय ती. नाही पटलं तर पुन्हा तुझं नाव काढायचं नाही म्हणून तिनं मला बजावलंय.”

पद्मजा आज चारच्या एस.टी.नं निघणार होती. साडेतीनला मठाच्या पायऱ्यांशी पत्र घ्यायला येते म्हणाली होती.

आता तीन वाजायला आले होते.

“छापा ना, बुवा,” बाई म्हणाल्या. “सोळा वेळा लिहिलंय. सोळा वेळा तपासलंय. एक काना इकडचा तिकडे नाही.”

“बसा, बाई.”

या खेपेला त्या बसल्या.

बाईंची नजर अधू, म्हणून लिहिताना त्या अक्षरं पडद्यापुरती मोठाली करून घ्यायच्या. पडद्यावर एका वेळी चार-पाच ओळींहून जास्त मावायच्या नाहीत. आपलं पत्र त्यांनी सोळा वेळा वाचलं होतं, पण अख्खं एकदाही पाहिलं नव्हतं.

बुवांनी टिचकी मारली.

अक्षरं आक्रसून मागे गेली. त्यांच्या चारी बाजूंनी पांढरं उगवलं. पडद्यावर दोन पानं शेजारी शेजारी येऊन उभी राहिली.

“रेघा...” बाई पुटपुटल्या.

“काय?”

“लाल रेघा कुठे गेल्या, बुवा? आत्ता होत्या. प्रत्येक शब्दाखाली होत्या.”

“कागदावर येत नाहीत त्या.”

“तुम्ही पुसल्यात?”

“कागदावर त्या नव्हत्याच, बाई.”

ओगलेबाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. एवढे दिवस हे यंत्र त्यांच्या शब्दाशब्दावर बोट ठेवत होतं, आणि कागदाला त्याचा पत्ताही नव्हता. त्यांना मुलीचं पत्र आठवलं. साडेतीन पानं, अठरा गोल. ते गोल काढण्याआधी तो कागद कसा दिसत होता हे मात्र काही केल्या आठवेना.

चष्मा सावरून त्या पुढे वाकल्या आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागल्या.

“वाचू नका,” बुवा म्हणाले. “बघा.”

बाईंनी पाहिलं.

डावीकडचं पान वरपासून खालपर्यंत काळं होतं. श्वास घ्यायला कुठे जागा नाही. एवढ्या बारीक आकारात शब्द लागत नव्हते, एक सोडून. ‘मी’ तेवढा ओळखू येत होता. या ओळीच्या आरंभी मी, त्या ओळीच्या मध्यावर मी, खाली पुन्हा दोनदा मी. मोजायला घेतलं आणि अकरावर बाईंनी मोजणं सोडून दिलं. पानाच्या तळाशी सही होती: ‘तुझी आई, शरयू ओगले, निवृत्त मुख्याध्यापिका’.

उजवीकडचं पान कोरं होतं.

कोरं... पण अगदी वरती एकच ओळ होती.

“हे काय?” बाईंनी विचारलं.

“तुमचंच आहे.”

ताजा कलम. हो, त्यांचाच. आधीच्या पंधरा पत्रांत तो नव्हता. सोळाव्यात सही टाईप करून झाल्यावर हात आपसूक चालला होता आणि त्यांनी तो चालू दिला होता. लिहून झाल्यावर तेवढी एकच ओळ त्यांनी तपासली नव्हती.

पण चौतीस वर्षांची मास्तरकी अशी क्षणात थोडीच गप्प बसते!

“अहो, ओळ घसरली की!” बाई एकदम सावध झाल्या. “एका ओळीसाठी दुसरं पान? कसं दिसेल ते! सरका जरा.”

पूर्वावलोकन बंद केलं, सगळा मजकूर निवडला, अक्षराचा आकार चौदावरून तेरावर आणला, पुन्हा पूर्वावलोकन उघडलं. हे सगळं बाईंनी इतक्या चपळाईनं केलं की बुवांच्या भुवया वर गेल्या. पडद्यावर आता एकच पान होतं.

“बघा. बसवलं का नाही एका पानात?” बाई म्हणाल्या. स्वारी खूश होती.

बुवा बराच वेळ बघत राहिले.

“बाई... ती ओळ कुठे गेली?”

“आहे की. खाली, सहीच्या खाली.”

“दाखवा.”

बाईंचं बोट पडद्याच्या तळाशी गेलं. डावीकडून उजवीकडे फिरलं, परत आलं. खाली काळी दाटी झाली होती, त्यात सही कुठली नि ताजा कलम कुठला ते त्यांना सांगता येईना. पद्मजाचे शब्द त्यांना आठवले. ती एकदाच उघडून बघणार आहे.

बोट तसंच पडद्यावर राहिलं.

बाहेर सभामंडपात कुणीतरी लादी पुसत होतं. बादलीची कडी वाजली, मग तेही थांबलं.

“छापखान्यात खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं,” बुवा म्हणाले. ते इतकं क्वचित बोलायचे की बाईंनी मान वळवून पाहिलं. “एकतीस वर्षं मी उलटं वाचलं. त्यात एक चूक सुटायची नाही माझ्या हातून. पण पहिला कागद उचलून बघितल्याशिवाय कळायचं नाही, काय म्हटलंय ते.”

“आणि कळल्यावर?”

“कधी छापायचो.”

“आणि कधी?”

बुवा पुढे झाले, पूर्वावलोकन मिटलं, दोन कळा दाबल्या. बाईंनी केलेलं तेवढं मागे फिरलं. मग त्यांनी पान पुन्हा उघडून दाखवलं.

ओळ होती तिथे परत आली. आपल्या पानावर, एकटी.

ओगलेबाई थक्क होऊन पाहत राहिल्या. हजारो वह्या हातांखालून गेल्या होत्या, पण कोऱ्या कागदाकडे त्यांनी कधी लक्ष दिलं नव्हतं. तिथे तपासायला काय असतं? आज मात्र त्या पांढऱ्यावरून त्यांची नजर हलेना. एवढी मोठी जागा त्या ओळीसाठी मोकळी ठेवून जणू सगळे बाजूला उभे होते. देवळाच्या गाभाऱ्यात शिरताना आपोआप आवाज खाली येतो तसा बाईंचा आवाज खाली आला.

“बुवा, जरा मोठं कराल?”

बुवांनी दुसरं पान मोठं केलं.

*ता. क. रुजू, तुझं ते पत्र फार चांगलं होतं गं. मी तेव्हा सांगितलंच नाही.*

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी ते पुसले नाहीत. नऊ वर्षं जे गळ्याशी अडकून होतं ते हेच होतं, आणि ते त्यांनी सहीच्याही खाली ढकललं होतं.

मग त्या दचकल्या.

“बुवा... चुकलंय.”

“काय?”

“रुजू. नाव ऋजुता, त्याला ऋ हवा. ती लहान असताना असंच लिहायची, रु काढून. स्वतःचंच नाव! मी प्रत्येक वेळी तिला...”

वाक्य तिथेच राहिलं. हात मात्र सवयीनं माऊसकडे निघाला होता.

बुवांनी आपले दोन्ही हात उचलले, मांडीवर ठेवले आणि पानाकडे बघत बसले.

बाईंचा हात हवेत थांबला. किती वेळ थांबला कोण जाणे. मग तो हळूहळू मागे आला आणि मांडीवर दुसऱ्या हाताशेजारी विसावला.

दोघंही बघत बसले.

“काकू!” खालून पायऱ्यांवरून पद्मजाची हाक आली. “झालं का गं? एस.टी. चुकेल माझी!”

बुवांनी छापायची आज्ञा दिली. पडद्यावर चौकट उघडली. कोणती पानं, असं ती विचारत होती. ‘सगळी’ या शब्दापुढे आधीच टिंब होतं. बुवांनी कळफलक बाईंच्या पुढ्यात सरकवला.

“काय छापायचं?” त्यांनी विचारलं.

बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. एक बोट पुढे केलं. ‘सगळी’वरचं टिंब काढलं आणि खालच्या रिकाम्या जागेत एकच आकडा लिहिला.

दोन.

प्रिंटर घरघरला. कागद बाहेर आला तेव्हा कोमट होता. ओगलेबाईंनी तो दोन्ही तळव्यांवर घेतला. एवढ्या मोठ्या कागदावर एवढीशी ओळ, आणि तरी त्यांना तो जड लागला. त्यांनी त्याची घडी घातली, ओळीवर मोड येणार नाही अशी बेतानं घातली, आणि पाकिटात सरकवली. नेहमीचं लाल पेन टेबलावर राहिलं, ते त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

दाराशी जाऊन त्या वळल्या.

“आणि पहिलं पान, बुवा?”

रंगनाथबुवा अजून पडद्याकडेच बघत होते.

“ते तुम्हाला पोचलं, बाई.”