मडक्यांचं सूतक

बोरखेडच्या घाटावर ऊन कलायला लागलं, तरी म्हाताऱ्या राघोजी मडक्याची तिरडी खालीच होती. मुलगा आधीच गेलेला, म्हणून सून अनसूया पुढं झाली होती. आणि वाटेत इनामदार विश्वासराव आडवे उभे.

"हा घाट घराण्यांचा. मडके हे काय आडनाव झालं? ना कूळ, ना मूळ. ओढ्यापलीकडं न्या."

गावात पुरुष पुष्कळ होते, जीभ एकालाही नव्हती.

अनसूया म्हणाली, "मूळ सांगते, सरकार. प्लेगात तुमचे आजोबा घरात मरून पडले आणि त्यांची सख्खी मुलं रानात पळाली. माझ्या आजेसासऱ्यानं त्यांना इथवर वाहून आणलं, पाण्याचं मडकं खांद्यावर घेऊन चितेला फेऱ्या घातल्या, अग्नी दिला. तेव्हापासून आम्ही मडके."

"मग? उपकार सांगतेस?"

"नातं सांगते. अग्नी देईल तो मुलगा, असं तुमचेच भटजी म्हणतात. म्हणजे आजेसासरे तुमचे काका आणि हा पडलाय तो तुमचा चुलतभाऊ. नातं नको असेल, तर आजोबा मुलाच्या अग्नीवाचून गेले, असं चारचौघांत म्हणा. हवं असेल, तर तुम्हालाही दहा दिवसांचं सूतक लागलंय. पागोटं उतरवा."

विश्वासरावांनी भटजींकडं पाहिलं. भटजी नदीकडं बघत होते.

पागोटं उतरलं. तिरडीला चौथा खांदा इनामदारांचा लागला.

चिता पेटल्यावर अनसूया रडली. तोवर तिला सवडच मिळाली नव्हती.