ठकीची वेल

शेलटेपाच्या ठाकूरवाडीत शिरताना उजव्या हाताच्या कुंपणावर एक वेल चढलेली दिसते. श्रावणात तिला लालपिवळी फुलं येतात, जाळासारखी वर उसळलेली. पाहुण्यांचा हात आपोआप तिकडे जातो. मग वाडीतले कोंडूबाबा म्हणतात, "ठकीला हात लावू नका. नुसतं बघा." बाहेर तिला कळलावी म्हणतात. अडलेल्या बाईला कळा याव्यात म्हणून तिचा कंद उगाळून लावत, त्यावरून ते नाव. वाडीत मात्र ती ठकीच. का, ते कोंडूबाबाच सांगतात.

फार मागं या वेलीला वाडीत नाव नव्हतं म्हणे. म्हणजे होतं, पण भगताला आणि दोन-तीन म्हाताऱ्यांनाच ठाऊक. विषाचं नाव घेतलं की विष जागं होतं, असं ते सांगत. खरं तर नाव उघडं झालं असतं, तर त्यांच्या ओट्यावर कुणी फिरकलं नसतं. झाकलेल्या शब्दावर पत राखून बसली होती ही माणसं.

वाडीतल्या सोमीची लेक ठकी तेव्हा दहा वर्षांची. झाडांशी, दगडांशी बोलत हिंडायची. सोमी कामावरून परतताना लांबूनच तिची बडबड ऐकायची आणि डोक्यावरची मोळी हलकी व्हायची.

दुष्काळाचं साल आलं. वेली वाळल्या, पानं झडली. लोक पोटासाठी रानातले कंद उकरू लागले, पण जमिनीखालचा कंद कुठला, ते ओळखू येईना. ठकीनं नांगरासारखा वाकडा एक कंद उकरला आणि शहाण्या पोरीसारखा आधी भगताकडे नेला.

"आजा, हा कसला?"

भगतानं बघितलं, तोंड फिरवलं आणि चिलीम ओढत राहिला. एरवी पोरांवर दिवसभर खेकसणारा माणूस.

"नको म्हणाला नाही," ठकी घरी येऊन धाकट्या भावाला म्हणाली, "म्हणजे चालतं." कंद मडक्यात उकडला. भावानं हात घातला, तर त्याला मागं सारलं. "थांब, आधी मी खाते."

दुसऱ्या दिवशी दुपारी ठकी गेली. काय घडलं ते भावानं सांगितलं.

माती देऊन आल्यावर सोमीनं तेच मडकं उचललं आणि भगतापुढे आदळलं. वाडी जमली.

"खा, आजा."

"येडी झालीस काय?"

"कसला आहे ते सांग. नाहीतर खा."

भगत बसल्या जागी मागं सरकला. सगळ्यांना कळायचं ते कळलं.

"नाव घेतलं तर इख जागं होईल, सोमे."

"ते निजलं होतं कधी?" सोमी म्हणाली. "ठेव तुझं नाव तुझ्यापाशी. मी माझ्या पोरीचं देते. आणि यापुढं कंदाचा पहिला घास म्हाताऱ्यांनी खायचा."

मेलेल्याला हाक मारू नये, असं कुणीतरी पुटपुटलं. सोमीनं तिकडे पाहिलंही नाही. पावसाळ्यात तिनं तसलाच एक कंद रानातून आणून भगताच्या कुंपणाशी लावला आणि वाडीतली पोरं समोर उभी केली. "ही ठकी. हिच्याशी बोलायचं. हिला खायचं नाही." पुढं दरसाल कोंब फुटला की ती तिथं बसायची. "आलीस गं?" म्हणायची आणि बराच वेळ उठायची नाही.

भगत जुनं नाव पोटात घेऊन मेला. कुणाचं काही अडलं नाही.

आजही वाडीत उकडलेला कंद चुलीवरून उतरला की पहिला घास घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्याचा. कोंडूबाबांचे दात गेलेत, वेळ लागतो. नातवंडं त्यांच्या तोंडाकडे बघत बसतात. बाबा गिळतात, कंदाचं नाव मोठ्यानं सांगतात, आणि मगच पोरांचे हात पुढे येतात.