तळहाताएवढा दर्या

फार वर्षांपूर्वी, खैरमाळला जायला धड पायवाटसुद्धा नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. गाव घाटाच्या वर, उघड्या माळावर. पाणी म्हणाल तर एक विहीर, सावली म्हणाल तर खैर आणि बोरी. त्या गावात ठकू नावाची एक बाई राहायची. ती जातीनं कोण हे आता कुणी छातीठोक सांगत नाही, कारण जो तो तिला आपलीच म्हणतो. ती भिंतींवर चित्रं काढायची, म्हणून तिला ठकू चितारीण म्हणत.

गावात नवी सून आली की ठकू तिच्या ओसरीवर जाऊन बसायची आणि एवढंच विचारायची, "पोरी, तुझ्याकडं काय हुतं?" तुझ्याकडं म्हणजे तुझ्या माहेरी. कुणी म्हणे आंबा होता, कुणी म्हणे ओढा होता, कुणी म्हणे परसात मोर यायचे. ठकू सगळं ऐकून घ्यायची, घरी जायची आणि भरदुपारी तोंडावर पदर ओढून झोपायची. बायका हसायच्या. हिचं काम बरंय, झोपलं की झालं, म्हणायच्या. पण ठकूला जे काढायचं ते स्वप्नातच दिसायचं, त्याला ती काय करणार?

उठली की गेरू, तांदळाचं पीठ आणि चुलीची काजळी घेऊन ती जात्यासमोरच्या भिंतीवर बसायची. आंब्याच्या पोरीच्या केसांना मोहर फुटायचा, ओढ्याच्या पोरीच्या ओटीत मासे पोहायचे. बाई कुठं संपली आणि झाड कुठं सुरू झालं हे कुणाला सांगता यायचं नाही. मग सून दळायला बसली की तिचं माहेर तिच्या डोळ्यांसमोर. असं म्हणतात, त्या मोहरावर खऱ्या मधमाश्या यायच्या, आणि मोराच्या चित्राखाली जोंधळे सांडले तर कुणीतरी टिपून नेलेले असायचे.

एकदा गावातला तुळाजी मीठ आणायला बैल घेऊन घाट उतरला आणि तिकडूनच लग्न करून आला. खाली किनाऱ्याला जाऊन राहिलेल्या त्यांच्याच सोयऱ्यांतली मुलगी, नाव पोवळी. पोर गुणी होती, पण आल्यापासून तिच्या घशाखाली घास उतरेना. माळाकडे बघत बसायची आणि रोज थोडी थोडी वाळत जायची. तिची सासू कोंडाबाई तोंडानं फटकळ, तरी मनातून घाबरली. तिनंच ठकूला बोलावलं.

"पोरी, तुझ्याकडं काय हुतं?"

"दर्या," पोवळी म्हणाली.

ठकू घरी जाऊन झोपली, तर स्वप्नात विहीर. पुन्हा झोपली, तर गावतळं. दर्या तिनं कधी पाहिलाच नव्हता. ती परत गेली आणि म्हणाली, "लई मोठं पानी, असंच नव्हं?"

"नाय गो आजी. पानी मोठं हाय, पन तां नुसतं पानी नाय. तो येतो नि जातो. पुन्ना येतो."

ठकूला काही उमगेना. मग पोवळीनं पदराची गाठ सोडली. आईनं पाठवणीच्या वेळी बांधून दिलेलं मीठ होतं त्यात. ठकूनं एक खडा जिभेवर ठेवला आणि तिथंच, पोवळीच्या मांडीवर डोकं टेकून झोपली. जागी झाली ती गालावरचं पाणी पुसतच.

तिनं अख्खी भिंत घेतली. भिंतभर आडवी निजलेली एक बाई, तिच्या कुशीतून लाट उठलेली, केसांत शंख आणि नावा. खैरमाळला निळा रंग कुणाकडे नव्हता, ठकूनं काजळी आणि पीठच वापरलं होतं. तरी ज्यांनी ज्यांनी पाहिलं, ते सगळे निळंच सांगायचे. त्या संध्याकाळी पोवळी भाकरी मागून जेवली.

असं म्हणतात, त्या भिंतीवर ओल चढायची आणि ओसरायची. खाली मिठाची पांढरी रेघ उमटायची. पोवळी ती बोटानं टिपून ताकात घालायची आणि हसायची. घर कसं भरून गेलं होतं.

मग दसरा आला. घरं सारवायचे दिवस. कोंडाबाईनं भिंतीला ओल पाहिली. आता भिंतीला ओल आली तर चांगली घरधनीण काय करील? तिनं शेण-माती कालवली आणि सकाळभर राबून भिंत लख्ख सारवून काढली. सुनेचं माहेर आपण बुजवलं, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

पोवळी रानातून आली, भिंतीकडे पाहिलं आणि तशीच निजली. उठेना, बोलेना, पाणीही घेईना. तुळाजी धावत ठकूकडे गेला. ठकू आता फार थकली होती. काठी टेकत आली आणि म्हणाली, "एक सपान दोनदा पडत न्हाई, बाबा." मग कोंडाबाईकडे वळली. "कोंडे, तुझ्याकडं काय हुतं गं?"

कोंडाबाईला हे कुणी कधी विचारलंच नव्हतं. ती सून होऊन आली तेव्हा ठकू अजून या गावात यायची होती.

"करंज," ती म्हणाली. "दारातच करंज हुता. त्याच्याखाली आमी फुलं येचायचो." आणि ती फटकळ बाई ढसाढसा रडली. रडता रडता उठली, ओला फडका घेतला आणि भिंत पुसायला लागली. पोपडे नखांनी काढले, बोटं सोलली तरी थांबली नाही. फार वेळानं तळहाताएवढी जागा उघडी झाली. तेवढीच. पण तिथून खारा वारा आला, तो ओसरीपर्यंत. पोवळी सरकत सरकत आली आणि तिनं त्या जागेला कान लावला. मग पाणी मागितलं.

पोवळी जगली, नातवंडांची लग्नं पाहून गेली. ठकूनं त्या जागेशेजारी कोंडाबाईचा करंज काढला, आणि ते तिचं शेवटचं चित्र. त्यानंतर तिला गावात कुणी पाहिलं नाही. मात्र त्या तळहाताएवढ्या दर्याच्या काठाला, पाण्यात पाय सोडून बसलेली एक म्हातारी दिसायला लागली, असं म्हणतात. आधी ती तिथं नव्हती.

ते घर आज नाही. खैरमाळला आता सिमेंटच्या भिंती आहेत. पण रंग देताना स्वयंपाकघरात तळहाताएवढी जागा कोरी सोडतात, आणि रंगारी बाहेरगावचा असला तर त्याला आधी बजावतात. तिला ठकूची जागा म्हणतात. नवी सून आली की सासू तिला तिथं बसवून विचारते, "तुझ्याकडं काय होतं?" सुनेचं सांगून पुरं होईपर्यंत सासूनं उठायचं नाही.

आणि सुनेनंही नाही. कारण मग तिनं सासूला विचारायचं असतं, "आणि आत्याबाई, तुमच्याकडं?"