वेशीवरची वर्दळ

फार पूर्वी, माणसाला नुकतंच कुठं नगर बांधता येऊ लागलं होतं, तेव्हाची गोष्ट. नदीकाठच्या एका नगरीत वेस आणि सांडपाण्याची मोरी सख्ख्या शेजारणी होत्या. वेशीचा तोरा काय विचारता! कारभाऱ्यांनी मोरी उपसणारे गडीसुद्धा वेस उंच करायला जुंपले.

"अगं वेसबाई, मी तुंबले तर लोक आजारी पडतील गं," मोरी कळवळली.

"तू घाण सांभाळ. नगरीची शोभा मी आहे!"

मोरी तुंबली. घरोघर ताप शिरला. लोक बैलगाड्या भरून निघाले.

"बघ, माझ्याखालून केवढी वर्दळ!" वेस फुशारली.

"बघतेय हो," मोरी म्हणाली, "एकाचंही तोंड आत वळलेलं नाही."

आज तिथं खणलं, की मोरी जशीच्या तशी निघते. वेस नेमकी कुठं होती, यावर विद्वान अजून भांडताहेत.